ओरिन ट्रिम्बलच्या बाजूने

१ मार्च, शुक्रवार. इंडियानापोलिस

ओरिन ट्रिम्बल आज निवड चाचणीत धावला. साडेसहा फूट उंची, दीडशे किलोच्या घरातलं अंग, आणि पाय मात्र नाचणाऱ्या पोरीचे. माझ्या शेजारी लाइल ऑस्टरहाउस सँडविच खात बसला होता, त्याचा घास तोंडातच राहिला. तरी तो गिळून म्हणालाच, "पाय चांगलेत. पायांबद्दल मी कधी वाईट बोललोय?"

"मग कशाबद्दल बोलतोस?"

"बाकीच्या माणसाबद्दल."

लाइल आणि मी अमेरिकन फुटबॉलच्या एकाच क्लबसाठी कॉलेजची पोरं हेरत देशभर फिरतो. एकाच गाडीतून फिरलो, एकाच खोलीत घोरलो. माझ्या मुलीच्या लग्नात भाषण त्यानेच केलं. पण पोरगा ओळखण्यात माझा हात त्याला धरता येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे, फक्त तो कबूल करत नाही.

मागच्या हंगामात आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, इतकं आपटलं की डिसेंबरात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याची पाठ राखायला अंगावर येणाऱ्यांना थोपवणारा एक दांडगा टॅकल हवाच. एप्रिलअखेरच्या ड्राफ्टमध्ये क्लब पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात, त्यात आमची पाळी एकोणिसावी. एवढ्या उशिरा असा टॅकल हाती लागत नाही. ट्रिम्बल लागेल, कारण अर्ध्या क्लबांनी त्याच्या नावावर काट मारली आहे. ऑक्टोबरात, ऐन हंगामात, कुणाला न सांगता तो तीन आठवडे कॉलेजच्या संघातून नाहीसा झाला. परत आला आणि काही घडलंच नाही असा खेळला. का गेला होता ते कुणालाच सांगितलं नाही.

मी शोधून काढणार.

७ मार्च, गुरुवार

क्लबात पहिली बैठक. आमचा मॅनेजर गॅरेट पेल टेबलाच्या टोकाला, हनुवटीवर हात ठेवून. नवीन माणूस आहे, पहिलाच ड्राफ्ट आहे त्याचा, ऐकून घेतो आणि काही बोलत नाही.

सकाळ ड्राफ्टमधल्या एका बुटक्या क्वार्टरबॅकवर गेली, ज्याची जीभ त्याच्या हातापेक्षा जास्त चालते. निम्मे म्हणाले हिरा, निम्मे म्हणाले डोकेदुखी. मी म्हणालो डोकेदुखी, आणि विषय संपला. मग ट्रिम्बलचं नाव निघालं आणि जेवणाची सुट्टी बुडाली.

लाइल म्हणाला, "जो पोरगा ऑक्टोबरात घरी जातो, तो नोव्हेंबरातही जाईल. तेव्हा आपले पैसे त्याच्या खिशात असतील."

मी म्हणालो, "तुला माहीत नाही तो का गेला."

"तुला माहीत आहे?"

"कळेल."

"म्हणजे उत्तर आधी ठरलंय, प्रश्न नंतर विचारणार."

सगळे हसले. पेल पहिल्यांदाच बोलला, माझ्याकडे बघून. "वेंडेल, जाऊन ये. मला एप्रिलच्या मध्यापर्यंत खरं काय ते हवं."

हेच मला हवं होतं.

१४ मार्च, गुरुवार. केंटकी

ट्रिम्बलांचं घर गावाबाहेर, उतारावर. आई वर्निस शाळेची बस चालवते. नवरा नाही, भावंडं नाहीत, मायलेक दोघंच. पोरगा लहान होता तेव्हापासून प्रत्येक सरावाला तिनेच पोहोचवलं, आणि नुसतं पोहोचवून गाडीत बसली नाही, कुंपणाला टेकून बघत राहिली. टॅकलच्या खेळातलं तिला आमच्या दोन मदतनीस प्रशिक्षकांपेक्षा जास्त कळतं. जेवताना मिठाच्या डब्या मांडून मला दाखवलं, शेवटच्या सामन्यात टॅकलच्या शेजारी खेळणारा गार्ड कुठे चुकला आणि ओरिनने ते कसं सावरलं. तिचं बरोबर होतं.

ताटात हॅम, बीन्स, मक्याची भाकरी. "घ्या अजून, हार्गिससाहेब, लाजू नका. तुम्ही लाजलात तर माझ्या पोराला नेणार कसे?"

ओरिन हसला नाही. खाली बघून जेवत होता. शिस्तीचा पोरगा.

जेवण होतंय तोच गुरांच्या डॉक्टरचा फोन आला. शेजारच्या गोठ्यात गाय अडली होती. ओरिन खुर्ची सरकवून उठला तो कोट न घालताच निघाला. वर्निसबाई म्हणाल्या, "ओरिन, घरात पाहुणा आहे." तो दारातच थांबला. मी म्हणालो, मीही येतो. अशी संधी कोण सोडतं?

गोठ्यात जे पाहिलं ते बैठकीत सांगायला मी उतावीळ झालोय. वासरू आडवं आलं होतं. डॉक्टर म्हातारा, त्याचा खांदा दुखतो, म्हणून ओरिनने खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटले. कंबर खाली, पाठ सरळ, पाय रुंद रोवलेले. टॅकलने उभं राहावं तसा तो हुबेहूब उभा होता. किती तरी वेळ तसाच, गाईशी हळूहळू बोलत. मग मनगट फिरवलं आणि वासरू वळलं. एवढ्या बेताची, एवढी शांत ताकद मी या वर्षी कुणाच्या मनगटात पाहिली नाही.

हात धुताना आपणहून बोलला. "सर, दिवसभरात एवढ्या एकाच वेळी माझ्या पोटात गोळा नसतो."

मी सांगितलं, पोटात गोळा असणं चांगलंच. ज्याला भीती वाटत नाही तो गाफील राहतो. तो हात पुसून म्हणाला, "हो, सर."

नीट ऐकून घेणारा पोरगा आहे. प्रशिक्षकांना सोपा जाईल.

१५ मार्च, शुक्रवार

ऑक्टोबरचं कोडं सुटलं. निघण्यापूर्वी वर्निसबाईंना सरळच विचारलं. त्या थोड्या अवघडल्या. "दारात आला आणि दोन दिवस नुसता झोपला. मला वाटलं आजारी आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबरोबर गाडीत बसून गेला. तेव्हा या भागातल्या गाई वितात, म्हाताऱ्याला एकट्याला झेपत नाही. मी म्हटलं, तुला खेळायला परत जायचंय ना? तर म्हणाला, जातो ना, आई."

"आणि गेला."

"मीच नेऊन सोडला. वाटेत एक अक्षर बोलला नाही."

हीच ती गोष्ट. गावातला म्हातारा डॉक्टर अडचणीत आहे म्हणून ज्याने आपलं नाव पणाला लावलं आणि त्याची फुशारकीही मारली नाही, तो पळपुटा? असल्या पोराला दोन वर्षांत कर्णधार करतात. लाइलचं तोंड कधी बघतो असं झालंय.

गाडीत बसताना ओरिनला विचारलं, "हा खेळ तुला मनापासून आवडतो ना?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो आणि सगळे छातीवर हात मारून शपथा घेतात. हा म्हणाला, "मला चांगला जमतो, सर."

इतकं विनयाचं उत्तर मी या धंद्यात ऐकलेलं नाही.

३ एप्रिल, बुधवार

कॉलेजच्या मैदानावर त्याला आमच्यासाठी खास खेळवून घेतलं. लाइललाही मुद्दाम बरोबर नेलं. सुरू होण्याआधी ओरिन मैदानाच्या कडेला जाऊन ओकला. तोंड पुसलं, आला, आणि त्याने आमच्या प्रशिक्षकाला खेळणं म्हणजे काय ते दाखवलं. प्रशिक्षक घामाघूम.

परत येताना लाइल गाडी चालवत होता. मी म्हटलं, "बोल की."

"तो ओकतो."

"मोठे मोठे खेळाडू ओकायचे."

"मोठे मोठे सामन्याआधी ओकायचे, वेंडेल. मी त्याच्या कॉलेजच्या मसाज करणाऱ्याशी बोललो. हा मंगळवारच्या सरावालाही ओकतो."

"म्हणजे मंगळवारही तो तितक्याच गंभीरपणे घेतो."

लाइलने गाडी पेट्रोलसाठी थांबवली, उतरला, आणि दार लावता लावता म्हणाला, "तुझ्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं लावणं आहे. भिंत निदान मध्ये बोलत नाही."

चिडलाय. हरणारा माणूस चिडतोच.

१६ एप्रिल, मंगळवार

आजची बैठक माझी.

लाइलने आधी त्याचा माणूस मांडला: टेरेल बोड्री, बचावातला, समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा. वेगवान आहे, मान्य. पण उभ्याने पळतो, गुडघे जातील. मी तसं सांगितलं. मग ट्रिम्बल. मी उठून उभा राहिलो. गोठा सांगितला, म्हातारा डॉक्टर सांगितला, मनगट सांगितलं. खोलीत कुणी कॉफीचा कपही हलवला नाही. गुरांच्या कुरणात वाढलेले दोन प्रशिक्षक तर मान डोलवत होते.

लाइल शेवटपर्यंत उठला नाही. बसल्या जागीच म्हणाला, "सुरेख सांगितलंस. मला एकच विचारायचंय. त्या सगळ्या गोष्टीत पोरगा फुटबॉलबद्दल एक तरी वाक्य बोललाय का?"

मी म्हणालो, "बडबडे हवे असतील तर तो बुटका क्वार्टरबॅक अजून शिल्लक आहे."

खोली हसली. लाइल हसला नाही, पण वाद तिथेच संपला. पेलने हनुवटीवरचा हात काढला. "एकोणिसाव्या पाळीला ट्रिम्बल शिल्लक असेल तर ट्रिम्बल. नाहीतर बोड्री."

काळ्या दगडावरची रेघ.

१७ एप्रिल, बुधवार

बायकोला, नेलला, जेवताना सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान. म्हणजे तो डॉक्टर होणार आहे?"

मी म्हणालो, "अगं, मी काय सांगतोय आणि तू काय ऐकतेस!"

फुटबॉल तिला कधीच कळला नाही.

२२ एप्रिल, सोमवार

ओरिनला फोन केला. गुरुवारी रात्री फोन जवळ ठेव, एवढंच सांगितलं. कितव्या पाळीला घेणार ते सांगायचं नसतं, पण पोरं समजतात. क्लबची पाळी आली की मॅनेजर पोराला फोन लावतो, त्याचा आवाज ऐकतो, आणि मगच त्याचं नाव व्यासपीठावर पाठवतो. नियम नाही, पण आमच्याकडे पद्धत आहे.

तो म्हणाला, "आईने अख्ख्या गावाला बोलावलंय, सर. दोन टीव्ही मांडलेत. केकवर माझा चेहरा आहे."

"मग, झालं तर!"

त्याने आवाज हळू केला. मग, "सर, कुणी फोन उचललाच नाही तर काय होतं?"

मी पोट धरून हसलो. असा विनोद करण्याइतका मोकळा झालाय म्हणजे तयार आहे.

मागून वर्निसबाईंचा आवाज, "कोण आहे? हार्गिससाहेब? त्यांना म्हणावं, केक तुमच्यासाठी राखून ठेवते."

२६ एप्रिल, शुक्रवार, सकाळी

काल रात्रीचं जसं झालं तसं लिहितो.

अठरा नावं गेली, ट्रिम्बल शिल्लक. खोलीत माझ्या पाठीवर थापा पडल्या. आमच्या पाळीचं घड्याळ सुरू झालं, दहा मिनिटं. पेलने फोन लावून स्पीकरवर टाकला, म्हणजे सगळ्यांना पोराचा आनंद ऐकू यावा.

घंटी वाजत राहिली. वाजून थांबली. पेलने पुन्हा लावला. टीव्हीवर ट्रिम्बलांची बैठकीची खोली दाखवत होते: वर्निसबाई नव्या निळ्या पोशाखात, शेजारीपाजारी खच्चून भरलेले, सोफ्यावर मधली जागा रिकामी. निवेदक म्हणाला, ओरिन जरा मोकळी हवा घ्यायला बाहेर गेलाय.

तिसऱ्यांदा घंटी सुरू झाली तेव्हा मला कळलं. कसं ते नीट सांगता येत नाही. कानात घंटी होती, समोर रिकामी जागा होती, आणि तो सोमवारचा प्रश्न विनोद नव्हता. एवढं कळल्यावर बाकीचं आपोआप कळत गेलं, मागे मागे, मार्चपर्यंत. लाइल माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद असता तर बरं झालं असतं.

पेल म्हणाला, "घरचा दुसरा नंबर आहे कुणाकडे? आईचा?"

वर्निसबाईंचा नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. तो दिला असता तर त्या धावत अंगणात गेल्या असत्या, पोराच्या कानाला फोन लावला असता, आणि तो म्हणाला असता, हो सर. आजवर त्याने सगळ्यांना तेच म्हटलंय.

"नाही," मी म्हणालो.

"मग आवाज न ऐकताच नाव पाठवू. दोन महिने तू याच्यासाठी भांडलायस."

"घेऊ नका त्याला."

"काय?"

"नका घेऊ, गॅरेट. बोड्री घ्या. लाइलचं बरोबर होतं."

इतका स्पष्ट मी त्या खोलीत कधी बोललो नसेन. पेलने दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि बोड्रीला फोन लावला. पोरगा पहिल्याच घंटीला ओरडला. सगळे टाळ्या वाजवत असताना पेल माझ्या कानाशी म्हणाला, "मे महिन्यात तुझ्या कराराबद्दल बोलू." बोलू दे. पोरं ओळखणाऱ्याला या देशात काम कमी नाही.

जिन्यात लाइल भेटला. म्हटलं, "घे, मनसोक्त हसून घे."

"खिशावर हात दाबून धरला होतास," तो म्हणाला. "आईचा नंबर होता ना?"

मी कोट चढवला. त्याने घरी सोडू का विचारलं. मी म्हटलं, सोड.

२६ एप्रिल, दुपारी

वर्निसबाईंचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"माझ्या टेबलावर बसून जेवलात तुम्ही. माझ्या पोराबरोबर गोठ्यात गेलात. गावासमोर बसलो होतो आम्ही. तुमच्या क्लबचं नाव आलं आणि तुम्ही त्या दुसऱ्याला घेतलंत. काय खोट दिसली माझ्या पोरात?"

म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. फोन वाजलाच नाही असं त्यांना वाटत होतं. मी दोन शब्दांत सांगू शकलो असतो. पण ते शब्द माझे नव्हते.

"मीच नको म्हणालो, वर्निसबाई. त्याला पारखण्यात मी चुकलो."

"चुकलात? त्याच्यात काही कमी आहे म्हणून चुकलात की तुम्हाला अक्कल कमी आहे म्हणून?"

"मला अक्कल कमी आहे म्हणून."

त्या पुढे बरंच बोलल्या, ते इथे लिहीत नाही. शाळेची बस चालवणाऱ्या बाईला एवढे शब्द येत असतील असं वाटलं नव्हतं. मी फोन ठेवला नाही. आयुष्यात पोरांबद्दल माझे अंदाज चुकले असतील, पण "चुकलो" असं तोंडाने कुणाला म्हटल्याचं आठवत नाही, आणि पहिल्यांदा म्हटलं ते खोटंच. तो टॅकल म्हणून दहा वर्षं खेळला असता. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तासाभराने ओरिनचा. आवाज बसलेला. "आईने सांगितलं तुम्ही काय म्हणालात ते. सर, तुम्ही का—"

"आज रात्री दुसरी फेरी आहे. अजून कुणीतरी फोन करील. पुन्हा मोकळी हवा घ्यायला बाहेर जाणार?"

"माहीत नाही."

"दोष माझ्या माथी मारायचा असेल तर खुशाल मार, जितके दिवस हवं तितके दिवस. माझं काही बिघडत नाही. पण ती बाई तुझ्या मैदानाच्या कुंपणाला टेकून उभी राहून म्हातारी झालीय. तिला टीव्हीवरून कळू नये."

"ती कोलमडेल, सर."

"कोलमडेल, मग उभी राहील. तिचं भांडण आत्ताच ऐकलंय मी. ती बाई मोडणाऱ्यातली नाही."

या वेळी तो "हो, सर" म्हणाला नाही. "बघतो," म्हणाला. मला बरं वाटलं.

२८ एप्रिल, रविवार

काल टीव्हीवर शेवटच्या फेऱ्या झाल्या, ट्रिम्बलचं नाव कुठेच नव्हतं. निवेदकांनी तर्क लढवले: दुखापत असेल, वागणूक असेल. लाइलने फोन करून एवढंच म्हटलं, "गाढव आहेत सगळे." अठरा वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

आज चर्च सुटल्यावर वर्निसबाईंचा फोन आला. मी उभ्यानेच घेतला.

"तुम्ही खोटं बोललात माझ्याशी."

"हो."

"शुक्रवारी रात्री एका क्लबाचा फोन आला. माझ्यासमोर स्वयंपाकघरात बसून त्याने घेतला. म्हणाला, आभारी आहे, पण मला खेळायचं नाहीये. फोन ठेवला आणि मला म्हणाला, आई, मला कधीच खेळायचं नव्हतं, तुला आवडायचं म्हणून खेळलो. मी काल दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. आज सकाळी चर्चला जाताना म्हटलं, टाय नीट कर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात अर्ज करणार आहे. केव्हापासून मनात होतं, म्हणे. मला वाटायचं, त्याला मुकी जनावरं आवडतात, एवढंच. हार्गिससाहेब, आता तरी खरं सांगा. तुम्हाला काही मिळवायचं नाही, मलाही नाही. पोरगा होता का खरंच चांगला? की मला आई म्हणून वाटायचं?"

मी खुर्ची ओढून बसलो.

सांगितलं. नोव्हेंबरातला तो पावसातला सामना सांगितला, तिसऱ्या भागात, समोर देशातला सगळ्यात दांडगा पोरगा होता, त्याला ओरिनने सलग अकरा वेळा असं थोपवलं की बाराव्या वेळी त्या पोराने प्रशिक्षकाकडे बघून बाजू बदलून मागितली. डाव्या पायाचं पहिलं पाऊल सांगितलं, किती छोटं आणि किती लवकर. तीस वर्षांत असे तीन पाहिले, त्यातला एक हा, असं सांगितलं. मधेच त्यांनी मला थांबवून एका खेळीत गार्डचं नाव दुरुस्त केलं. नेल दारात येऊन उभी राहिली, जेवण निवत होतं, मी हातानेच थांब म्हटलं.

सांगून झालं तेव्हा मला वाटलं, रडत असतील. पण आवाज कोरडा होता.

"आणि त्याआधीचा?" त्या म्हणाल्या. "सप्टेंबरातला, परक्या मैदानावरचा. तो पाहिला होता का तुम्ही?"

"पाहिला होता," मी म्हणालो, आणि तो सांगायला लागलो.